मॅसॅच्युसेट्सचा बायबलवरचा कायदा आणि गुलामगिरी, थोडी पार्श्वभूमी

बायबलमधले नियम सरळ राज्याचा कायदा केले तर गुलामगिरी टिकेल की जाईल यावर ख्रिश्चनांमधे आजही वाद होतात, पण हा प्रयोग अमेरिकेत खरंच होऊन गेलाय. इंग्लंडहून आलेल्या प्युरिटन लोकांनी (कडक प्रोटेस्टंट पंथ) १६४१ साली मॅसॅच्युसेट्समधे आपली पहिली संहिता केली, बॉडी ऑफ लिबर्टीज. लिहिली नॅथॅनिएल वॉर्डने, आधी वकील आणि मग पाद्री झालेला माणूस. त्यात मृत्युदंडाच्या गुन्ह्यांसोबत बायबलची वचनं दिलीयेत, म्हणजे कलम ९४ मधे निर्गम या बायबलच्या पुस्तकातलं २१:१६ आहे, माणूस चोरणाऱ्याला मरणाची शिक्षा.

आणि त्याच्या तीनच कलमं आधी, ९१ मधे, गुलामगिरीला परवानगी! न्याय्य युद्धातले कैदी चालतील, स्वतःहून विकले गेलेले परके चालतील, आणि कोणीतरी आणून विकलेले परकेही चालतील. सगळी पळवाट इथेच आहे, कारण विकणाऱ्याने तो माणूस आणला कुठून हे घेणाऱ्याने विचारायचं बंधनच नाही. वर असंही लिहिलंय की देवाच्या नियमशास्त्राने इस्राएलात दिलेल्या सवलती या गुलामांना मिळतील. परक्यांना विकत घ्यायची मुभा बायबलच्या लेवीय पुस्तकात, अध्याय २५ मधे आहेच, ती त्यांना सोयीची होती.

चोरीचं वचन अगदीच कागदावर राहिलं असं नाही हां. १६४५ मधे एका जहाजाच्या लोकांनी आफ्रिकेत रविवारी गावावर हल्ला करून माणसं पकडली, तिथल्या रिचर्ड सॉल्टनस्टॉल या न्यायाधिकाऱ्याने तक्रार केली आणि १६४६ मधे जनरल कोर्टाने (म्हणजे वसाहतीच्या विधिमंडळाने) त्या आफ्रिकनांना परत पाठवायचा हुकूम काढला. पण पैसे मोजून आणलेल्यांचं काय? त्यांना कोणी हात लावला नाही, व्यापार चालूच राहिला. बायबलचंच अनुवाद नावाचं पुस्तक २३:१५ मधे सांगतं की पळून आलेल्या दासाला मालकाच्या हवाली करू नको, आणि याच लोकांनी १६४३ मधे शेजारच्या वसाहतींशी करार केला त्यात पळालेले नोकर परत करायचं कलम घातलं. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं, वचन माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही, बायबल तर ते रोज वाचत होते.

१७०० मधे बोस्टनचे जज सॅम्युएल स्यूअल यांनी बायबलमधली योसेफाला भावांनी विकल्याची गोष्ट घेऊन आणि तेच निर्गम २१:१६ दाखवून गुलामगिरीविरुद्ध पत्रक छापलं. पुढच्याच वर्षी जॉन सॅफिन या व्यापाऱ्याने उत्तर दिलं, बायबलमधल्या मूळपुरुष अब्राहामाकडे विकत घेतलेले दास होते की! सॅफिन स्वतः गुलाम ठेवणारा होता. दोघांच्या हातात ग्रंथ एकच, आणि राज्याचा कायदा सॅफिनच्या बाजूने राहिला, पुढे जवळजवळ ८० वर्षं.

तिथली गुलामगिरी मोडली ती १७८१ ते १७८३ च्या खटल्यांत, मालकाकडून निघून गेलेल्या क्वॉक वॉकरच्या, आणि कोर्टाने आधार घेतला तो १७८० च्या राज्यघटनेतल्या 'सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान' या कलमाचा.