घरी अर्क काढायचाय? मग आचेच्या आधी थंड पाण्याचं बघा

ओट्यावर मावणारे छोटे डिस्टिलर, म्हणजे उकळून वाफ करणारी आणि ती थंड करून परत पाणी करणारी भांडी, आता ऑनलाइन सहज मिळतात. एक प्रकार इलेक्ट्रिक किटलीसारखा दिसतो, साधारण चार लीटर पाणी मावतं आणि वर पंखा असतो. दुसरा तांब्याचा किंवा स्टीलचा, खाली भांडं, वर घुमट, घुमटातून नळी निघते आणि ती थंड पाण्याच्या डब्यातून वळसे घेत बाहेर येते. घेणारे लोक सगळ्यात आधी आचेचं विचारतात, गॅसवर चालेल का, इंडक्शनवर चालेल का, किती वॉट लागतील वगैरे. मला विचाराल तर हा प्रश्न उलट्या बाजूने सुरू करायला हवा, कारण पाणी काय कुठल्याही शेगडीवर उकळतं, खरी कसोटी असते ती वाफेचं परत पाणी करताना, आणि आपल्या ठाण्यात एप्रिल-मे मध्ये जिथे नळाचं पाणीच कोमट येतं तिथे तर जास्तच.

पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, कारण डिस्टिलर म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोक्यात तेच येतं. महाराष्ट्रात घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, आणि नुसती दारूच नाही तर ती गाळण्यासाठी म्हणून ठेवलेली साधनंसुद्धा त्यात येतात. कायदा बाजूला ठेवला तरी अल्कोहोलची वाफ पेट घेते, छोट्या किचनमध्ये एक जोड सैल असला तरी खेळ खलास. आणि ‘पहिली धार फेकून दिली की विषारी मिथेनॉल निघून जातं’ हे जे सांगतात ना, ते इतकं सरळ नाहीये. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८ च्या आसपास, हे आकडे बरोबर, पण ते शुद्ध द्रवांचे. पाण्यात मिसळलेले असताना साध्या भांड्यातून दोघांची वाफ मिसळूनच येते, धार कापून मिथेनॉल पूर्ण वेगळं होत नाही. मालाडच्या मालवणीत २०१५ साली शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. शरीर त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड करतं आणि आधी डोळ्यांची नस जाते. तेव्हा हा विषय इथेच बंद. आपण बोलणार आहोत पाणी, गवती चहा आणि गुलाबाबद्दल, आणि त्यातच इतकं सायन्स भरलंय की बाकी कशाची गरज पडत नाही.

आता थंडाव्याचा हिशोब बघा. एक लीटर पाणी २८ अंशांवरून १०० पर्यंत न्यायला साधारण ३०० किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी १०० अंशांवर असताना त्याची वाफ करायला आणखी २२५७ किलोज्यूल, म्हणजे साडेसात पट, आणि थर्मामीटर मात्र १०० वरच थांबलेला. शाळेत अप्रकट उष्मा म्हणून पाठ केलेलं ते हेच. ही उष्णता कुठे गायब होत नाही, वाफेच्या पोटात असते, आणि वाफ परत पाणी झाली की ती सगळीच्या सगळी बाहेर पडते. म्हणजे नळी ज्या पाण्यात बुडवलीय त्या पाण्याला ती घ्यावी लागते. २० लीटरची बादली भरून त्यात नळी फिरवलीत आणि एक लीटर अर्क काढलात, तर बादलीतलं पाणी २८ वरून ५५ अंशांपर्यंत पोचतं, हात घालवणार नाही इतकं. आणि पाणी तापलं की वाफ अर्धवट थंड होऊन नळीच्या तोंडातून फुसफुसत बाहेर, आणि तिच्याबरोबर सुगंधही, किचनभर मस्त वास पण बाटलीत काही नाही.

बर्फाचंही तसंच. फ्रीजमधला एक ट्रे म्हणजे अंदाजे पाव किलो बर्फ धरा, तो वितळून त्याचं पाणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत जेमतेम ५० मिली अर्क थंड करू शकतो. म्हणून अर्धा लीटर काढायचा असेल तर दोन ट्रे टाकून निर्धास्त बसू नका. मोठी बादली घ्या, फिश टँकचा छोटा पंप लावून पाणी फिरवत ठेवा, आणि तापलेलं पाणी भांड्यांना वापरा, टँकरच्या दिवसात ते गटारात सोडणं जिवावर येतं. पंखावाल्या मशीनमध्ये बादलीचा त्रास नाही, पण उष्णता तेवढीच असते, फक्त ती हवेत सोडली जाते. चार लीटर पाणी उतरवायला जवळजवळ तीन युनिट वीज जाते आणि ती सगळी उष्णता तुमच्या स्वयंपाकघरात. मे महिन्यात रात्री, खिडकी उघडी ठेवूनच लावा.

पहिल्यांदा नुसतं पाणीच घ्या. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं, मला अजिबात वाटत नाही. घोडबंदर रोडच्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात टँकर येतात, त्यातलं बोअरचं पाणी असेल तर तेच घ्या. पाणी उतरलं की भांड्याच्या तळाशी बघा, कडेने पांढरट-पिवळट वर्तुळं, मध्ये खरखरीत थर, नखाने खरवडला तर पीठ पडतं. पाण्याचा टीडीएस, म्हणजे लीटरमागे विरघळलेले क्षार, ५०० मिलिग्रॅम असेल तर चार लीटरमागे दोन ग्रॅम क्षार असे मागे राहतात, कारण क्षारांची वाफ होत नाही. सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी घातलं की फसफसतं, तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे तुमच्या थरात चुनखडी होती. मिळालेलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीला, इस्त्रीला चालतं. मात्र सगळंच मागे राहतं असं नाही हं, जे स्वतःच उडणारं आहे, क्लोरीनसारखं, ते वाफेबरोबर पुढे जातं, म्हणून सुरुवातीचं थोडं पाणी फेकून द्यावं.

डिस्टिलर विकत घ्यायच्या आधी ही युक्ती करून बघितली तरी चालेल. मोठ्या पातेल्यात थोडं पाणी, मध्ये स्टँडवर एक वाटी, आजूबाजूला गवती चहाचे तुकडे, आणि वर झाकण उलटं, त्यावर बर्फ. मंद आच. काचेचं झाकण असेल तर आत सगळं दिसतं, आधी काच धुरकट होते, मग बारीक थेंब, शेजारचे दोन थेंब एकमेकांना भिडले की एकदम घसरत मधल्या खोलगट टोकाकडे जातात आणि टपकन वाटीत. बर्फ वितळला की थेंबांचा वेग कसा मंदावतो तेही समोरच दिसतं.

आता गवती चहाच का? कारण तो भाजीवाल्याकडे वर्षभर मिळतो आणि चुकायला फारसा वाव देत नाही. पण त्यात एक कोडं आहे. त्याचा लिंबासारखा वास मुख्यतः सिट्रल नावाच्या द्रव्याचा, आणि सिट्रल उकळतं जवळजवळ २२९ अंशांना. भांड्यात तर १०० च्या वर काही जात नाही, मग तेल वर येतं कसं? कुठलाही द्रव उकळतो तेव्हा जेव्हा त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघंही आपापला वाफेचा दाब पूर्ण लावतात, एकमेकांची पर्वा न करता. पाण्याचा दाब हवेच्या दाबाला थोडासा कमी पडतो तिथे तेल उरलेला हातभार लावतं, आणि दोघं मिळून १०० च्या किंचित खालीच उकळायला लागतात. वाफेत तेलाचा वाटा छोटा असतो पण सतत असतो, आणि सिट्रल न जळता बाटलीत येतं. २२९ अंशांपर्यंत पाला नुसता तापवला असता तर हाती फक्त जळका वास आला असता. मला डिस्टिलेशनमधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, खरंच.

पात इंचभर कापा, थोडी सुकलेली चालेल, आणि दाबून भरू नका, वाफेला वाट लागते. घुमटाच्या जोडाला कणीक लिंपा, ती वाफ अडवते आणि आत दाब वाढलाच तर आधी तीच सुटते. नळीचं तोंड कधीही बंद करायचं नाही, बाटलीत घट्ट बसवायचं नाही, आणि पाला वर येऊन नळीच्या तोंडाशी अडकत नाहीये ना ते बघायचं. थेंब-थेंब पडायला हवं, धार लागली की आच जास्त झाली. अर्धा किलो पातीतून तेल दोन मिलीच्या आसपास निघालं तरी चांगलं म्हणायचं, पिवळसर तवंग पाण्यावर तरंगतो, आणि खालचं पाणीही सुगंधी असतं. जितके ग्रॅम पाला, साधारण तितके मिली पाणी झालं की थांबा. त्यानंतर शिजवलेल्या पाल्याचा वास यायला लागतो आणि आधीचं चांगलं पाणीही त्याने बिघडतं.

हे थंड बाजूचं महत्त्व उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या अत्तरवाल्यांना पक्कं माहीत आहे. तिथे अजूनही तांब्याची देग, म्हणजे मोठं भांडं, भट्टीवर, तिच्यातून बांबूचा चोंगा, म्हणजे नळी, निघतो, आणि तो जातो पाण्याच्या हौदात बुडालेल्या तांब्याच्या भपक्यात, म्हणजे अर्क जमा होणाऱ्या भांड्यात. कारागीर हात लावून भपका किती तापलाय ते बघतो, गरम झाला की बदलतो, आणि तेवढ्या वेळात वाफ थांबवायला देगीवर ओलं फडकं फिरवतो. थर्मामीटर नाही, मीटर नाही, तरी अंदाज चुकत नाही. कनौजच्या अत्तराला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय.

गुलाबाकडे मात्र सवय झाल्यावर वळा. जांभळी नाक्याच्या फुलबाजारात लांब दांड्याचे गुलाब दिसतात ते दिसायलाच असतात, वास जवळपास नाही, आणि त्यांच्यावर फवारणी झालेली असू शकते. छोटे, सुट्या पाकळ्यांचे देशी गुलाब सकाळी लवकर घ्या. गुलाबाच्या वासातला मोठा भाग फेनिल इथेनॉल नावाच्या द्रव्याचा, आणि ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, म्हणूनच गुलाबपाण्याला इतका छान वास असतो. तेल वेगळं मिळेल ही आशा घरच्या डिस्टिलरमध्ये सोडून द्या, एक किलो तेलाला तीन-चार हजार किलो फुलं लागतात. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराचं श्रेय नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगमला दिलंय. गरम गुलाबपाणी ताटांत ओतल्यावर वर जो तवंग जमायचा तो तिने थोडा-थोडा करून गोळा केला. बघा, इथेही गोष्ट थंड होण्याचीच आहे.

काढलेलं सुगंधी पाणी उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्येच ठेवा. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, आपल्या हवेत बाहेर ठेवलं तर थोड्याच दिवसात त्यात धागे-धागे दिसायला लागतात, मग ते सरळ फेकून द्यायचं. तवंगाचं तेल थेट त्वचेला लावू नका, सिट्रलने चुरचुरतं, आणि पिऊ तर अजिबात नका.

वाळा सगळ्यात शेवटी. माठात टाकायला उन्हाळ्यात बाजारात येतात तीच मुळं, पण त्यांचं तेल जड असतं, सावकाश सुटतं, मोठ्या भट्टीतसुद्धा दिवस-दिवस जातो, आणि त्याची घनता पाण्याच्या इतकी जवळ की तवंग नीट वेगळा होत नाही. घरी करायचंच असेल तर मुळं बारीक कापून रात्रभर भिजवा, छोट्या भांड्यातलं पाणी आटत आलं की आच बंद करून गरम पाणीच भरा, तळ कोरडा पडू देऊ नका. आणि बादलीतलं पाणी बदलत राहा.