खुंटी नसलेलं रक्त

‘बॉम्बे ब्लड ग्रुप तातडीने हवा आहे, पुढे पाठवा’ असा मेसेज अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत येतो आणि त्याखाली कोणीतरी हमखास लिहितं, ‘घरात आईवडील, मुलं असताना परक्यांकडे कशाला मागताय?’ दुसरा कोणी विचारतो, हा रक्तगट मुंबईबाहेर मिळणार तरी कसा? दुसरा प्रश्न सोडून देऊ, पहिला मात्र चांगला आहे. या पेशंटला सख्ख्या आईचं रक्त दिलं तर ते बहुतेक वेळा जिवावर बेतेल, आणि शेकडो किलोमीटरवरच्या, कधी तोंडही न पाहिलेल्या माणसाचं रक्त बिनघोर चालेल. असं का, हे कळायला लाल पेशीवरच्या एका साखरेच्या रेणूपर्यंत जावं लागतं. मला तो रस्ता फार आवडतो, त्यामुळे तिथे जरा रेंगाळणार आहे.

ए, बी, एबी आणि ओ हे चार गट आपण शाळेत शिकलेलो असतो. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली यांतले ए, बी आणि ओ हे तीन दाखवून दिले (एबी पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला) आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शाळेत असंही सांगतात की ओ गटाच्या पेशींवर ‘काही नसतं’, म्हणून ते रक्त सगळ्यांना चालतं. हे जवळजवळ खरं आहे. सगळी गंमत त्या ‘जवळजवळ’मध्ये आहे.

लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या छोट्या साखळ्या उभ्या असतात. साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोज असतं. आपल्या शरीरातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, या गॅलॅक्टोजला फ्यूकोज नावाची आणखी एक साखर जोडतं. ही जोडणी झाली की जे टोक तयार होतं त्याला एच प्रतिजन, म्हणजे अँटिजेन, म्हणतात. भिंतीत ठोकलेली खुंटी म्हणा. आता ज्याच्याकडे ए गटाचं जनुक आहे, त्याचं विकर या खुंटीवर एन-असिटिल-गॅलॅक्टोसअमाइन अडकवतं. ज्याच्याकडे बी गटाचं आहे, त्याचं विकर साधं गॅलॅक्टोज अडकवतं. या अडकवलेल्या साखरा म्हणजे खुंटीवरच्या टोप्या. एबीवाल्याकडे दोन्ही प्रकारच्या टोप्या असतात. ओ गटाच्या माणसाकडे टोपी नसते, पण खुंटी मात्र जागच्या जागी असते. म्हणजे ओ गटाची पेशी कोरी नाही, उलट सगळ्यात जास्त उघड्या खुंट्या तिच्यावरच असतात.

ए आणि बी यांच्यातला फरक किती, तर त्यांची विकरं ३५४ अमिनो आम्लांची असतात आणि त्यांतली फक्त चार वेगळी असतात. ओ गटाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात तर त्या जनुकातलं एकच अक्षर गळालेलं असतं. एक अक्षर गळालं की पुढचं सगळं वाचन एका घराने सरकतं, विकर अर्धवट बनतं आणि टोपी अडकवायचं काम होतच नाही. फुमिइचिरो यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे उलगडलं. जगभरच्या रक्तपेढ्यांमधल्या पिशव्यांवरची वेगवेगळी लेबलं येतात ती एवढ्याशा फरकामुळे.

आता अशी कल्पना करा की खुंटीच ठोकली गेली नाही. मग जनुक ए असो वा बी, टोपी अडकवायला जागाच नाही. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नेमकी अशी तीन माणसं सापडली, म्हणून हा ‘बॉम्बे’ गट, आणि १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख छापून आला. लेखकांच्या यादीत देशपांडे आणि भाटिया होते, तसेच लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्सही होते. पुढे १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांना एका इटालियन वंशाच्या कुटुंबात हाच प्रकार दिसला. बाई तपासणीत ओ गटाच्या, पण त्यांच्या मुलीत बी गट उतरलेला. बाईंकडे बी जनुक होतं, ते फक्त दिसत नव्हतं. अशा ठिकाणी आईच्या किंवा बापाच्या चारित्र्यावर शंका घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

हा भाग थोडा जड आहे, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. खुंटी ठोकणाऱ्या विकराचं जनुक एफयूटी-१, ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं. एबीओचं जनुक नवव्यावर. म्हणजे खुंटी आणि टोपी यांचा वारसा स्वतंत्रपणे चालतो. भारतातल्या बॉम्बे गटाच्या बहुतेक माणसांमध्ये एफयूटी-१ च्या ७२५व्या जागी टी या अक्षराऐवजी जी आलेलं असतं. त्यामुळे विकरात २४२व्या जागी ल्यूसिनऐवजी आर्जिनिन बसतं आणि विकर बंद पडतं. त्याला लागूनच एफयूटी-२ नावाचं भावंड जनुक आहे, जे लाळेत आणि आतड्याच्या अस्तरात खुंट्या ठोकतं. भारतीय बॉम्बे गटात तेही अख्खंच्या अख्खं गायब असतं. दोन्ही जनुकं शेजारी असल्याने हे दोन दोष एकत्रच पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरतात. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर भारतीय वंशाच्या काही लोकांत हीच जोडी सापडली. त्याच बेटावरच्या गोऱ्यांत खुंटी कमी करणारा दोष वेगळाच आहे.

माणूस बॉम्बे गटाचा व्हायला दोन्ही पालकांकडून खुंटीच्या जनुकाची बिघडलेली प्रत मिळावी लागते. पालकांकडे मात्र बहुधा एक बिघडलेली आणि एक धड प्रत असते, आणि एक धड प्रत खुंट्या ठोकायला पुरते. म्हणून पालकांच्या पेशी एच प्रतिजनाने भरलेल्या असतात. मुलांचंही तसंच, दुसऱ्या पालकाकडून त्यांना धड प्रत मिळालेली असते. घरात आशा असते ती सख्ख्या भावंडांकडून, प्रत्येकाच्या बाबतीत चारात एक या हिशेबाने. भावंडांत कोणी जुळलं नाही, तर मग जग धुंडाळायचं. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा असतो असं सांगितलं जातं, युरोपात दहा लाखांत एकाचा. आपल्याकडे तो जास्त का, याचं उत्तर अवघडल्यासारखं वाटलं तरी सांगायला हवं: जातीतल्या जातीत आणि मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल. जवळच्या नात्यात बिघडलेल्या दोन प्रती एकत्र यायची शक्यता वाढते.

पण जुळलं नाही तर इतकं बिघडतं काय? ज्या साखरा आपल्या पेशींवर नाहीत, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे परक्या पेशींना चिकटणाऱ्या अँटिबॉडीज, आपल्या रक्तात लहानपणीच तयार होतात. परकं रक्त कधी शरीरात गेलेलं नसतानाही होतात, हे विशेष. याचं श्रेय आतड्यातल्या जिवाणूंना. त्यांच्या अंगावरही अशाच साखरा असतात. जॉर्ज स्प्रिंगर यांनी कोंबडीची पिल्लं पूर्ण जंतुविरहित जागेत वाढवली, तर त्यांच्यात मानवी बी गटाविरुद्धची प्रतिपिंडं दिसली नाहीत; नेहमीच्या खुराड्यातल्या पिल्लांत दिसली. बॉम्बे गटाच्या माणसाकडे ए, बी आणि एच या तिघांविरुद्ध प्रतिपिंडं असतात. त्यातलं एचविरुद्धचं शरीराच्या तापमानाला जोरात काम करतं. ओ गटाचं रक्त चढवलं की आलेल्या पेशी रक्तवाहिनीतच फुटू लागतात, लघवी चहाच्या रंगाची होते आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

धोका नेमका कुठे दडलाय पाहा. छोट्या लॅबमध्ये पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब ठेवतात, एकात निळं अँटी-ए आणि दुसऱ्यात पिवळं अँटी-बी मिसळतात, टाइल हळूहळू हलवतात. गोळे धरले तर तो गट. बॉम्बे गटाच्या रक्तात दोन्हीकडे काहीच धरत नाही, आणि तंत्रज्ञ कागदावर ‘ओ’ लिहून मोकळा होतो. चूक पकडायची तर उलटी तपासणी हवी, म्हणजे पेशंटच्या रक्तद्रवात ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशी टाकून पाहायच्या. ओ पेशींचेही गोळे झाले की कान टवकारायचे. खात्रीसाठी युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात, तो एच प्रतिजनालाच चिकटतो. क्रॉसमॅच, म्हणजे दात्याच्या पेशी पेशंटच्या रक्तद्रवात आधी मिसळून पाहणं, नीट झाला तर अनर्थ टळतो, पण घाईगर्दीत तोच टाळला जातो अशी उदाहरणं ऐकायला मिळतात.

इथे एक चीड ओकून घेतो. पत्रिकेतली ‘एकनाड’ म्हणजे पूर्वजांनी ओळखलेला रक्तगटच होता, म्हणून नवराबायकोचा रक्तगट एक नसावा, असं सांगणारे शिकलेसवरलेले लोक मला दर लग्नसराईत भेटतात. नवराबायको दोघंही बी पॉझिटिव्ह असण्याने मुलांचं काहीही बिघडत नाही. काळजी असते ती आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर, आणि त्यासाठी अँटी-डीचं इंजेक्शन आहे. नाडीला तीन कप्पे, रक्तगट चार, आरएच धरले तर आठ. हिशेबसुद्धा जुळत नाही.

रक्तावरून माणसांच्या रांगा लावायचा सोस फक्त आपलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रेड क्रॉस आधी काळ्या दात्यांचं रक्त घेतच नव्हती, नंतर घेतलं तरी ते वेगळं ठेवत असे. ही पद्धत १९५० मध्ये बंद झाली. पिशवीवर माणसाचा वंश लिहिणं हा शास्त्रीयदृष्ट्या शुद्ध मूर्खपणा होता. रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ मध्ये रक्तगट आणि प्रथिनांची आकडेवारी जमवून दाखवलं की माणसामाणसांतल्या अशा फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजगटाच्या आत सापडतात. वंशावंशांमध्ये म्हणून जो उरतो, तो सहा-सात टक्के. ए आणि बीच्या टोप्या तर इतक्या जुन्या आहेत की त्या गिबनमध्येही आहेत, चिंपांझीत ए आणि गोरिलात बी आहे. माझा ए गट आणि सख्ख्या भावाचा बी असेल, तर या एका जनुकाबाबत मी भावापेक्षा चिंपांझीच्या जवळचा. घरात हे सांगून पाहिलं, फारसं कौतुक झालं नाही.

इतके वेगवेगळे गट लाखो वर्षं टिकले तरी कसे? एकच गट सर्वांत बरा असता तर बाकीचे कधीच संपले असते. ओ गटाच्या माणसाला गंभीर फाल्सीपेरम मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, पण पटकी झाली तर तीच माणसं जास्त आजारी पडतात. ज्यांचं एफयूटी-२ बंद आहे, त्यांच्या आतड्यात नोरोव्हायरसच्या कित्येक जातींना पकड मिळत नाही. आज ज्याची कमतरता म्हणून नोंद होते, ती उद्याच्या साथीत कोणाचा जीव वाचवेल हे आधी सांगता येत नाही. समाजात भेद शिल्लक असणं हाच समाजाचा विमा.

मात्र हा विमा एकट्या माणसाच्या उपयोगी पडत नाही. दहा हजारांतल्या एकाला अपघात झाला, तर दुसऱ्या अशा एकाने उठून यायला हवं. लाल पेशी नेहमीच्या सीपीडीए (रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाच्या) पिशवीत ३५ दिवस टिकतात. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला ९० दिवस थांबावं लागतं, बाईला १२०. म्हणजे पाचदहा दाते असले तरी फ्रिजमध्ये कायम साठा ठेवणं जमत नाही. ग्लिसरॉल घालून उणे ६५ अंशांखाली गोठवलं तर पेशी दहा वर्षं राहतात, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. पैसे देऊन दाता आणायची वाट तर बंदच आहे आणि ते योग्यच झालं. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली. उरतात ती फोनवर हाक मारल्यावर निघणारी माणसं. महाराष्ट्रातून परराज्यात जाऊन, स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून रक्त देऊन आलेल्या दात्यांच्या बातम्या आपण वाचतो. पेशंट कुठल्या जातीचा, कुठल्या भाषेचा, हे विचारायची सोयच तिथे नसते, कारण नाही म्हटलं तर पुढचा पर्याय आणखी तीनशे किलोमीटर लांब.

परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षारुधिरविज्ञान संस्था आहे (नाव लांब आहे, इलाज नाही). १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली आणि दुर्मीळ गटांची खात्री करून घ्यायला देशभरातून नमुने तिथे येतात. तुमचा गट ओ असेल आणि क्रॉसमॅचला एकही पिशवी जुळली नाही असा अनुभव घरात कधी आला असेल, तर रक्तपेढीला एचची तपासणी करायला सांगा. ‘बॉम्बे’ असा निकाल आला तर भावाबहिणींनाही तपासून घ्या आणि नाव-फोन दुर्मीळ दात्यांच्या यादीत द्या. आणि एक करू नका: गल्लीतल्या शिबिरात उत्साहाने जाऊन रक्त देऊ नका. तिथे ती पिशवी ओ म्हणून फ्रिजमध्ये जाईल, ओवाल्या कुणालाही चालून जाईल, आणि पुढचे ९० दिवस (बाई असाल तर १२०) तुमच्या गटाच्या माणसाचा फोन आला तर तुम्हाला नाही म्हणावं लागेल.