परदेशातल्या मराठी माणसाची मतदार नोंदणी : नमुना ६अ, पासपोर्ट आणि प्रत्यक्ष मतदान

दुबईत, लंडनमध्ये किंवा सिंगापूरला राहून निवडणुकीच्या बातम्या रोज वाचणाऱ्या अनेकांना एक गोष्ट ठाऊक नसते : पासपोर्ट भारताचा असेल, तर मतदार यादीत नाव लावता येतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मध्ये २०१० साली कलम २०अ आलं आणि तो हक्क मिळाला. मतदान मात्र आजही भारतात, आपल्या केंद्रावर जाऊनच करावं लागतं.

पात्रतेच्या अटी सोप्या आहेत. भारतीय नागरिकत्व, १८ वर्षं पूर्ण (१ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै किंवा १ ऑक्टोबर या तारखांना वय मोजतात) आणि नोकरी, शिक्षण किंवा अन्य कारणाने परदेशी वास्तव्य. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की हक्क संपतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) हाती असलं तरी मतदान करता येत नाही. पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलेल्या गोवेकरांनाही हेच लागू होतं. अर्जात खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अर्जाचा नमुना ६अ. तो निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर भरता येतो, नाहीतर छापील अर्ज टपालाने किंवा स्वतः जाऊन मतदारसंघाच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यायचा. शुल्क नाही. सोबत अलीकडचा रंगीत फोटो, पासपोर्टवरील फोटो, वैयक्तिक माहिती आणि भारतातला पत्ता असलेली पानं, आणि वैध व्हिसाची नोंद असलेलं पान. टपालाने पाठवताना प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही हवी. समक्ष गेलात तर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो.

सगळ्यात जास्त घोळ पत्त्यावर होतो. तुमचा मतदारसंघ पासपोर्टवर छापलेल्या भारतातल्या पत्त्यावरून ठरतो, आई-वडील आज कुठे राहतात यावरून नव्हे. पासपोर्टवर कसबा पेठेतला जुना वाडा असेल आणि घरचे आता कोथरूडला असतील, तर अर्ज कसबा पेठेतच जाणार. दोन्ही पुणे लोकसभेतच येतात, पण विधानसभा मतदारसंघ, बीएलओ (त्या भागातली मतदार यादी सांभाळणारा केंद्रस्तरीय अधिकारी) आणि मतदान केंद्र वेगळं. परदेशात पासपोर्टचं नूतनीकरण करताना तिथलाच पत्ता छापून घेतला असेल, तर नमुना ६अ ला आधारच उरत नाही. आधी भारतातल्या पत्त्याचा पासपोर्ट करून घ्या, मग अर्ज करा.

अर्ज दाखल झाल्यावर बीएलओ त्या पत्त्यावर पडताळणीला येतो. घरातल्या नातेवाईकाने तुमच्या कागदपत्रांच्या प्रतींबाबत घोषणापत्र द्यायचं असतं. वाडा पाडून इमारत उभी राहिली असेल किंवा घरी कुणीच नसेल, तर कागदपत्रं त्या देशातल्या भारतीय वकिलातीकडे पडताळणीसाठी जातात आणि वेळ लागतो. म्हणून अर्ज करण्याआधी घरी फोन करून कल्पना द्या.

जुनं मतदार ओळखपत्र असेल तर ते अर्जासोबत परत करावं लागतं. सर्वसाधारण रहिवासी म्हणून कुठे नाव असेल, तर तेही वगळावं लागतं, कारण दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे. नवं ओळखपत्र मिळत नाही. यादीच्या शेवटच्या भागात, परदेशस्थ मतदारांच्या स्वतंत्र विभागात तुमचं नाव येतं. मतदान केंद्रावर मूळ पासपोर्टच चालतो. तो घरी विसरलात, तर इतक्या लांबून येऊनही मत देता येणार नाही.

वेळेचं गणित आधीच मांडा. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतच नाव यादीत येऊ शकतं, आणि हरकतींची मुदत व पडताळणी त्याआधी पुरी व्हावी लागते. २०२४ मध्ये १६ मार्चला लोकसभेचा कार्यक्रम जाहीर झाला. पुण्यात २५ एप्रिलपर्यंत उमेदवारी अर्ज आणि १३ मेला मतदान झालं, तर मुंबईत ३ मे आणि २० मे. घोषणेनंतर नमुना ६अ शोधायला बसलात तर बहुधा हुकतंच. नोंदणी आधीच करून ठेवा, तिकीट मात्र तारखा कळल्यावर काढा, कारण एकाच राज्यात टप्पे वेगवेगळे असतात.

टपाली किंवा ऑनलाइन मतदानाबद्दल समाजमाध्यमांवर दर निवडणुकीला संदेश फिरतात, त्यांवर विसंबू नका. इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिका सैन्यदलातल्या आणि परदेशी नियुक्तीवरच्या सरकारी सेवा-मतदारांसाठी आहे. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक २०१८ साली लोकसभेत मंजूर झालं, पण ती लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. प्रत्यक्ष यावं लागण्याचा परिणाम आकड्यांत दिसतो : २०२४ ला देशभरातल्या १,१९,३७४ नोंदणीकृत परदेशस्थ मतदारांपैकी २,९५८ जणांनीच मत दिलं, त्यातले बहुसंख्य केरळचे. एवढ्या लोकांना तिकिटाचा खर्च आणि सुट्टी परवडत नाही, याची दखल संसदेने घ्यायला हवी.

कायमचे भारतात परतलात की मतदार नोंदणी अधिकाऱ्याला कळवा आणि नमुना ६ भरून रहिवासी म्हणून नोंद करून घ्या. ओळखपत्र त्यानंतर मिळतं.