डिजिटल अल्बमची विक्री: प्रसिद्धी आणि हिशेब
लहान संगीत कंपन्यांसाठी माहितीपत्रक

डिजिटल अल्बम दुकानांकडे पाठवण्यासाठी आणि त्याच्या हिशेबासाठी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक संगीत कंपन्या दोन-तीन माणसांच्या असतात. भावगीते, अभंग, नाट्यपदे, शास्त्रीय गायनाच्या मैफली हे त्यांचे काम, आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च कधी भरून निघेल ही त्यांची पहिली चिंता असते. अल्बम बाहेर येऊन तीन-चार महिने झाले की दुसरा प्रश्न येतो: नक्की किती खपला? हा प्रश्न अल्बम बाहेर येण्यापूर्वीच विचारला जावा, एवढ्यासाठी हे माहितीपत्रक काढले आहे. ज्या विक्रीच्या नोंदीची सोय आधी केलेली नसते, तिचा माग नंतर काढता येत नाही, आम्हालाही नाही.

विक्री कशाला म्हणावे

कॅसेट आणि सीडीच्या काळात दुकानदाराकडे गेलेल्या मालातून परत आलेला माल वजा केला की खप कळत असे. आता अल्बमचे संपूर्ण डाउनलोड, एकेका गाण्याचे डाउनलोड आणि स्ट्रीम (फाइल न घेता इंटरनेटवरून नुसते ऐकणे) अशा तीन वेगळ्या गोष्टी एकाच अहवालात शेजारी शेजारी येतात. आयट्यून्स स्टोअर किंवा बँडकॅम्पवर श्रोता अल्बम विकत घेतो. स्पॉटिफाय किंवा जिओसावनवर तो काही विकत घेत नाही, ऐकतो. स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद वाजले की एक स्ट्रीम मोजला जातो, आणि २०२४ पासून ज्या गाण्याला मागील १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम मिळालेले नाहीत त्याच्या ध्वनिमुद्रणापोटी तेथे काहीच मोबदला मिळत नाही. म्हणून विक्री आणि स्ट्रीम यांची बेरीज करू नये; दोन्हींचे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत.

शास्त्रीय संगीताच्या आणि अभंगांच्या लेबलांनी, म्हणजे संगीत कंपन्यांनी, विक्रीकडे पाठ फिरवू नये, असे आमचे ठाम मत आहे. बँडकॅम्पवर १० डॉलरचा अल्बम गेला तर १५ टक्के, म्हणजे दीड डॉलर, त्यांचा वाटा असतो. पैसे पोहोचवण्याचे शुल्क वेगळे. उरलेल्या रकमेइतका मोबदला स्ट्रीममधून मिळवायचा तर गाणी हजारो वेळा वाजावी लागतात. चाळीस मिनिटांचा एकच राग ऐकणारा श्रोता मोजका असतो, परंतु तो चांगल्या प्रतीची फाइल स्वतःजवळ ठेवण्यासाठी आनंदाने पैसे देतो. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी श्रोत्यांच्या बाबतीत हा अनुभव आम्हाला वारंवार आला आहे.

क्रमांक आणि नावे

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरांचा क्रमांक असतो. पहिली पाच अक्षरे क्रमांक घेणाऱ्याची ओळख सांगतात, पुढचे दोन अंक क्रमांक दिल्याचे वर्ष दाखवतात आणि शेवटचे पाच अंक त्या विशिष्ट मुद्रणाचे असतात. भारतात हे क्रमांक देण्याचे काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था पाहते. संपूर्ण अल्बमला याशिवाय यूपीसी म्हणजे बारकोडचा क्रमांक लागतो. गाण्याची विक्री पहिल्या क्रमांकावर जमा होते, अल्बमची दुसऱ्यावर.

येथे एक चूक फार महाग पडते. एका लेबलने आपला अभंगसंग्रह दुसऱ्या वितरकाकडे (अल्बम ऑनलाइन दुकानांत पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) नेताना जुने क्रमांक कळवलेच नाहीत, त्यामुळे त्याच आठ मुद्रणांना नवे आठ क्रमांक पडले. अल्बम पुन्हा दुकानात लागला खरा, पण आधीचे सगळे स्ट्रीम जुन्या नोंदीवर राहिले, नवीन नोंद शून्यापासून सुरू झाली, आणि गायिकेला दाखवायचा एकत्रित आकडा तयार करण्यासाठी आम्हाला सोळा ओळी हाताने जुळवाव्या लागल्या. मुद्रण तेच असेल तर आयएसआरसी तोच राहतो, मग ते कितीही संग्रहांत पुन्हा येवो. गाणे नव्याने गाऊन घेतले किंवा नव्याने मिश्रण (मिक्सिंग) केले तरच नवा क्रमांक घ्यावा.

नावांचेही तसेच आहे. अनेक दुकानांना गाण्याचे नाव रोमन लिपीतही लागते, आणि ‘ज्ञानेश्वर’ या एका शब्दातला ‘ज्ञ’ लोक तीन प्रकारे लिहितात. गायकाचे नाव एका अल्बमवर एका वर्णलेखनाने आणि दुसऱ्यावर दुसऱ्याने गेले की दुकानात त्याची दोन पाने तयार होतात आणि श्रोते दोहोंत वाटले जातात. प्रत्येक नावाचे एकच लेखन ठरवून ते लेखी ठेवावे. भाषेच्या रकान्यात मराठी असेच नोंदले गेले आहे ना, हेही स्वतः पाहावे. अभंग हिंदी भक्तिसंगीतात जाऊन बसलेले आम्ही पाहिले आहेत.

प्रसिद्धी

अभंगांचा अल्बम आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी दुकानात लागला तर त्याचा हंगाम गेलाच म्हणायचा. वारीचे प्रस्थान होण्यापूर्वी तो श्रोत्यापर्यंत पोहोचायला हवा. आरत्या आणि गणेशगीते श्रावणात, दिवाळी पहाटेची गाणी नवरात्रात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे त्यांच्या गाण्यांच्या यादीत (प्लेलिस्टमध्ये) समावेशासाठी गाणे सुचवायचे असेल तर ते प्रकाशनापूर्वी किमान सात दिवस सुचवावे लागते, आणि प्रकाशित झालेले गाणे तेथे सुचवता येत नाही.

प्रसिद्धीसाठी एकच दुवा सगळीकडे पाठवू नये. गायकाच्या व्हॉट्सॲप गटांसाठी एक, फेसबुकसाठी दुसरा, नाट्यगृहाबाहेरच्या टेबलावर लावायच्या क्यूआर कोडसाठी तिसरा, असे खुणेचे वेगळे दुवे तयार करून घ्यावेत. सगळे एकाच पानावर नेतात, पण श्रोता कोठून आला याची नोंद होते. मात्र या खुणेची मर्यादा ध्यानात असू द्यावी: दुवा दुसऱ्याच्या दुकानात नेत असेल तर किती जणांनी तो दाबला एवढेच कळते, त्यांपैकी किती जणांनी अल्बम घेतला हे सहसा कळत नाही. स्वतःच्या संकेतस्थळावर यूपीआयने पैसे घेऊन फाइल दिली तर दोन्ही कळते आणि खरेदीदाराच्या संमतीने त्याचा पत्ताही आपल्याकडे राहतो. खरेदीदारांच्या पत्त्यांची ही यादी जपावी. फ्लिपकार्टचे फ्लाइट हे गाण्यांचे दुकान २०१२ मध्ये उघडले आणि २०१३ मध्ये बंद झाले. एअरटेलचे विंक २०२४ मध्ये बंद झाले. दुकाने जातात, तेव्हा आपल्या श्रोत्यापर्यंत पुन्हा पोहोचण्याचे साधन ही यादीच असते.

कार्यक्रमात डाउनलोड कोडची छापील कार्डे देता येतात. प्रत्येक कार्यक्रमासाठी कोडचा वेगळा संच घ्यावा, म्हणजे कोणत्या कार्यक्रमातील किती कोड वापरले गेले ते समजते. फुकट दिलेले कोड विक्रीत धरू नयेत.

अहवाल वाचताना

दुकानांचे अहवाल बहुधा दोन-तीन महिन्यांनी येतात, त्यामुळे दिवाळीच्या विक्रीचा पक्का आकडा संक्रांतीच्या सुमारास हाती पडतो. फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली तर देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसू शकतात; अशा वेळी फाइल खराब समजू नये, तर ती यूटीएफ-८ ही अक्षरांची पद्धत निवडून आयात करावी. नावावरून नव्हे, क्रमांकावरून ओळी जुळवाव्यात. संख्येच्या रकान्यात उणे एक दिसले तर तो परतावा असतो आणि तो वजाच व्हायला हवा. रक्कम कोणत्या चलनात आहे, वितरकाचा वाटा आणि कर कापून दिली आहे की कापण्यापूर्वीची आहे, हे प्रत्येक अहवालावर पाहून लिहून ठेवावे. बँकेत जमा झालेल्या रकमेशी शेवटी मेळ बसलाच पाहिजे. बसत नसेल तर त्याच महिन्यात आम्हाला कळवावे.

गीतकार आणि संगीतकार

हा हिशेब केवळ लेबलचा नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणातही गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क कायम राहतो, हक्क लिहून दिले असले तरीही. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, परंतु आजच्या संगीतकाराने त्यांना लावलेली चाल त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षे संरक्षित असते. म्हणून प्रत्येक गाण्यापुढे शब्द कोणाचे, चाल कोणाची हे नोंदवल्याशिवाय आम्ही अल्बम पुढे पाठवत नाही, आणि दर सहा महिन्यांचे विवरणपत्र लेबलबरोबर या दोघांनाही द्यावे असा आमचा आग्रह असतो.

पहिल्या भेटीस येताना मूळ डब्ल्यूएव्ही फाइली, ३,००० गुणिले ३,००० पिक्सेलचे मुखपृष्ठ, गीतकार, संगीतकार व गायक यांच्याशी झालेले करार, आणि यापूर्वी कोणत्याही वितरकाने दिलेले क्रमांक सोबत आणावेत. नियोजित तारखेआधी सहा आठवडे हाताशी असावेत.