कलम २३२ चौकशी

परदेशातून येणारा एखादा माल अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षेला बाधक ठरतो का, याची तिथल्या वाणिज्य खात्याने केलेली चौकशी. १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्याचे २३२ वे कलम हा तिचा आधार, म्हणून व्यापारी वर्तुळात ती नुसत्या क्रमांकाने ओळखली जाते. हा कायदा झाला तो राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या सरकारला आयात शुल्क कमी करण्याच्या वाटाघाटींचे अधिकार देण्यासाठी. सुरक्षेची तरतूद १९५० च्या दशकातील व्यापार कायद्यांतून त्यात आली. आज मात्र अमेरिकेची काही सर्वांत जड शुल्के याच कलमावर उभी आहेत.

चौकशीची मागणी संबंधित उद्योग किंवा एखादे सरकारी खाते करू शकते. वाणिज्य मंत्री स्वतःहूनही ती सुरू करतात. प्रत्यक्ष काम उद्योग व सुरक्षा विभागाकडे असते आणि संरक्षण मंत्र्यांना लगेच कळवावे लागते. अहवालाला मुदत २७० दिवसांची. धोका असल्याचा निष्कर्ष निघाला, तर तो मान्य आहे की नाही हे राष्ट्राध्यक्षांनी ९० दिवसांत ठरवायचे आणि उपाय योजायचा झाल्यास १५ दिवसांत अमलात आणायचा. तो उपाय शुल्काचा असावा, कोट्याचा की वाटाघाटींचा, हे त्यांच्या मर्जीवर आहे.

अँटी-डम्पिंगच्या प्रकरणाशी तुलना केली की या अधिकाराचा आवाका कळतो. तिथे माल रास्त किमतीपेक्षा स्वस्तात विकला गेला आणि त्याने देशी उद्योगाचे नुकसान झाले, या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात; नुकसानीचा निर्णय आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग ही स्वतंत्र संस्था देते. कलम २३२ ला यातले काहीच लागत नाही. माल रास्त भावाने आलेला असो वा मित्रदेशातून, त्याचे प्रमाण किंवा तो येण्याची परिस्थिती सुरक्षेला बाधक आहे एवढा निष्कर्ष पुरतो. चौकशी करणारे, निष्कर्ष काढणारे आणि शुल्क लावणारे, सगळे एकाच सरकारातले.

खरी मेख आहे ती ‘राष्ट्रीय सुरक्षा’ कशाला म्हणायचे यात. संरक्षणासाठी लागणारे उत्पादन, कच्चा माल, कुशल मनुष्यबळ हे निकष अपेक्षितच आहेत. पण कायदा तिथे थांबत नाही. देशाचे आर्थिक हित आणि सुरक्षा यांचा निकटचा संबंध लक्षात घ्या, परकी स्पर्धेमुळे होणारी बेकारी, महसुलातील घट, कौशल्यांचा ऱ्हास हेही पाहा, असे तो सांगतो. एवढ्या रुंद दारातून जवळजवळ कोणताही उद्योग आत येऊ शकतो.

पोलादाच्या दोन चौकशा शेजारी ठेवून वाचाव्यात. २००१ मध्ये लोहखनिज आणि अर्धसिद्ध पोलाद यांची चौकशी झाली. हा माल सुरक्षेसाठी महत्त्वाचा आहे हे खात्याने मान्य केले, पण संरक्षणाची गरज देशी उत्पादनातून भागते, तेव्हा आयातीने धोका असल्याचा पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या चौकशांत मात्र भर कारखान्यांच्या प्रकृतीवर आला. कारखाने क्षमतेच्या ८० टक्के चालावेत एवढी आयात घटली पाहिजे, हे लक्ष्य ठरले. संरक्षण मंत्री जेम्स मॅटिस यांनी आपल्या टिपणात लिहिले होते की, लष्कराला या दोन्ही धातूंच्या अमेरिकी उत्पादनाच्या जेमतेम ३ टक्के माल लागतो. मित्रदेशांवर होणाऱ्या परिणामाची काळजीही त्यांनी व्यक्त केली होती. तरीही मार्च २०१८ मध्ये पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क जाहीर झाले. जूनपासून ते कॅनडालाही लागू झाले. अमेरिकेसोबत एकत्रित हवाई संरक्षण सांभाळणाऱ्या देशाचे ॲल्युमिनियम धोकादायक कसे, याचे पटेल असे उत्तर अहवालात सापडत नाही. २०१९ च्या मे महिन्यात कॅनडावरचे ते शुल्क उठले.

२०१८ च्या आधी या अधिकाराचा वापर मुख्यतः खनिज तेलापुरता होता. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५९ मध्ये जुन्या तरतुदीखाली तेलाचा कोटा ठरवला, कार्टर यांनी १९७९ मध्ये इराणचे तेल थांबवले, रेगन यांनी १९८२ मध्ये लिबियाचे. तेलाच्याच वादात, अल्गॉनक्विन खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्षांना आयातीवर पैशाच्या रूपातही आकारणी करता येते असा निकाल दिला. पुढच्या आव्हानांना तो आडवा आला. पोलाद आयातदारांची याचिका खालच्या न्यायालयांत त्याच आधारावर फेटाळली गेली.

बाहेरून विरोध झाला. भारताने जून २०१९ मध्ये बदाम, अक्रोड, सफरचंद यांसह २८ अमेरिकी वस्तूंवर वाढीव शुल्क लावले आणि या तिन्हींसह त्यांतल्या काही वस्तूंवरचे ते २०२३ मध्ये, जागतिक व्यापार संघटनेतील वाद मिटवताना, मागे घेतले. संघटनेच्या तंटा समित्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेविरुद्ध निकाल दिले. आपल्या सुरक्षेचा निर्णय बाहेरच्यांनी करायचा नाही, असे म्हणत अमेरिकेने ते मानले नाहीत.

२०२५ मध्ये या कलमाचा वापर कितीतरी वाढला. एप्रिलमध्ये मोटारींवर २५ टक्के शुल्क आले, तेही २०१९ च्या अहवालाचा आधार घेऊन. पोलाद आणि ॲल्युमिनियमचा दर जूनमध्ये ५० टक्क्यांवर गेला, ऑगस्टमध्ये तांब्याच्या अर्धसिद्ध मालावर तेवढेच शुल्क बसले. चिप, औषधे, लाकूड, ड्रोन यांच्या चौकशा सुरू झाल्या. शुल्क लागणाऱ्या, धातूपासून बनलेल्या वस्तूंची यादीही वाढत गेली. एप्रिलमध्ये ॲल्युमिनियमच्या कॅनमधली बिअर तिच्यात आली, ऑगस्टमध्ये आणखी ४०७ वर्गांतला माल. त्यामुळे एखादे यंत्र मागवणाऱ्याला त्यातल्या पोलादाची किंमत वेगळी काढून दाखवण्याची वेळ आली.

अमेरिकी संसदेने १९८० मध्ये आपला एक अधिकार राखून ठेवला: तेलाच्या आयातीबाबतचा निर्णय तिला ठरावाने नामंजूर करता येतो. इतर मालाबाबत तशी तरतूद नाही. २०१८ नंतर ती करण्यासाठी दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी विधेयके मांडली. ती मंजूर झाली नाहीत.