टोनी ग्रेगरी
टोनी ग्रेगरी (५ डिसेंबर १९४७ – २ जानेवारी २००९) हे आयर्लंडमधील अपक्ष राजकारणी. डब्लिन सेंट्रल मतदारसंघातून ते फेब्रुवारी १९८२ मध्ये डॉल या कनिष्ठ सभागृहात निवडून आले आणि मृत्यूपर्यंत एकदाही हरले नाहीत.

वडील डब्लिनच्या गोदीत गोदाम कामगार. चार्लव्हिल स्ट्रीटवरच्या एका खोलीत संसार. आईने महापालिकेकडे घर मागितले, तेव्हा सहा मुले झाली की या, असे उत्तर मिळाले होते. पदवीनंतर ग्रेगरी शिक्षक झाले. आयरिश भाषेवर त्यांचा जीव होता. तरुणपणी ते प्रजासत्ताकवादी, म्हणजे उत्तर आयर्लंडसह अखंड आयर्लंड मागणाऱ्या चळवळीत होते, पण पक्षांतल्या फाटाफुटींनंतर त्यांनी आपला गल्लीबोळ गाठला. १९७९ मध्ये ते अपक्ष म्हणून नगरसेवक झाले.

आयर्लंडमध्ये अपक्ष टिकतात, याला मतदानाची पद्धतही कारणीभूत आहे. एका मतदारसंघातून अनेक सदस्य निवडले जातात आणि मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. पहिली पसंती पक्षाला देणारा माणूसही दुसरी किंवा तिसरी ‘आपल्या ओळखीच्या’ माणसाला देतो. ग्रेगरींची ओळख घरोघरी होती.

फेब्रुवारी १९८२ च्या निवडणुकीत १६६ पैकी फिअना फॉल पक्षाला ८१ जागा मिळाल्या. बहुमताला थोड्या कमी. नवख्या ग्रेगरींचे मत एकदम मोलाचे झाले. फिअना फॉलचे चार्ल्स हॉही आणि विरोधी फाइन गेल पक्षाचे गॅरेट फिट्झगेराल्ड हे पंतप्रधानपदाचे दोन्ही दावेदार त्यांच्याशी बोलायला आले. हॉहींशी झालेला करार ‘ग्रेगरी डील’ म्हणून प्रसिद्ध आहे. साक्षीला कामगार संघटनेचे नेते मिकी मलन होते. मंत्रिपद मागितलेच नव्हते. मागितली होती ती आपल्या गोदीलगतच्या वस्तीसाठी घरे, रोजगार, शाळांसाठी पैसा आणि गोदीजवळची २७ एकर जमीन. एकूण रक्कम १० कोटी पौंडांच्या घरात सांगितली जाई. ९ मार्चला ग्रेगरींनी कराराच्या अटी सभागृहातच मांडल्या, म्हणजे त्या कामकाजाच्या नोंदीत गेल्या. पाठिंब्याची बोलणी सहसा बंद दाराआड होतात. इथे पावतीच सर्वांसमोर फाडली गेली. ८६ विरुद्ध ७९ मतांनी हॉही पंतप्रधान झाले.

टीका अर्थातच झाली: एका मतासाठी देशाची तिजोरी एका वस्तीला का? हा प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. पण गोदीत कंटेनर आल्यापासून हजारोंची कामे गेली होती आणि त्या वस्तीला तोवर कोणी विचारले नव्हते, हेही खरे. सरकार नोव्हेंबरमध्येच पडले. अविश्वासाच्या मतदानात ग्रेगरी तटस्थ राहिले. करारातला बराच भाग कागदावर राहिला. ज्या २७ एकरांवर वस्तीसाठी काही व्हावे अशी अपेक्षा होती, तिथे पुढे वित्तीय सेवा केंद्राच्या इमारती उभ्या राहिल्या.

करार आठ महिन्यांचा. कारकीर्द सत्तावीस वर्षांची. म्हणून त्यांना केवळ ‘डील’वाले ठरवणे चुकीचे वाटते. बाबागाडीत फळे ठेवून विकणाऱ्या रस्त्यावरच्या बायकांना पोलीस हुसकावत, त्यांच्या बाजूने निदर्शने केल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. शांतता राखण्याच्या हमीपत्रावर सही करायला नकार दिला, म्हणून १९८६ मध्ये दोन आठवडे माउंटजॉय तुरुंगात काढले. १९८० च्या आसपास हेरॉइनने वस्ती पोखरायला घेतल्यावर विक्रेत्यांच्या पैशाला हात घाला, ही मागणी त्यांनी लावून धरली. गुन्ह्यातून कमावलेली मालमत्ता ताब्यात घेणारी यंत्रणा १९९६ मध्ये स्थापन झाली.

त्यांनी सभागृहात कधी टाय बांधला नाही. आपल्या मतदारांपैकी अनेकांना टाय परवडत नाही, असे ते सांगत. सशांवर कुत्रे सोडण्याच्या खेळाविरुद्धही ते लढले; तिथे यश आले नाही.

कर्करोगाने त्यांचे निधन झाल्यावर जून २००९ मध्ये पोटनिवडणूक झाली. जागा त्यांच्या जुन्या सहकारी मॉरीन ओसलिव्हन यांनी राखली, अपक्ष म्हणूनच.