टू-स्ट्रोकच्या खिडक्यांमागची गोष्ट

घरच्या लेथवर मॉडेल विमानासाठी टू-स्ट्रोक इंजिन करायला घेतलं की क्रँक, पिस्टन, लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) ही कामं हात बसल्यावर जमतात. गाडी अडते ती पोर्टपाशी. लायनरच्या भिंतीत खिडक्या कुठे पाडायच्या, किती उंच आणि कोणत्या दिशेला तोंड करून? हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षं जुना आहे.

डुगाल्ड क्लर्क या स्कॉटिश इंजिनिअरच्या 1881 च्या टू-स्ट्रोक इंजिनात इंधन-हवेचं ताजं मिश्रण ढकलायला वेगळा पंप-सिलिंडर होता. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डेने तो काढून टाकला आणि पिस्टनखालच्या क्रँककेसलाच, म्हणजे क्रँकच्या बंद पेटीलाच, पंप केलं. त्याच्याच कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉकने मिश्रण आत यायची वाटही पिस्टनच्या खालच्या कडेने उघड-बंद होईल असं केलं. व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही. पिस्टन हाच दरवान.

दुखणंही तिथूनच लागलं. एग्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर जायची खिडकी, उघडा असतानाच समोरच्या ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे क्रँककेसमधून वर येणाऱ्या वाटेतून, मिश्रण आत येतं आणि सरळ बाहेर पळतं. त्याला वर वळवायला पिस्टनच्या माथ्यावर उंचवटा ठेवला, तो डिफ्लेक्टर. पण त्याने पिस्टन जड झाला, तापायला लागला आणि ज्वलनाच्या जागेचा आकार बिघडला.

1920 च्या दशकात अडोल्फ श्न्यूर्ले या जर्मन इंजिनिअरने पिस्टनऐवजी पोर्टलाच वळण दिलं. एग्झॉस्टच्या दोन्ही अंगांना ट्रान्सफर पोर्ट, दोघांचीही तोंडं एग्झॉस्टच्या विरुद्ध भिंतीकडे. दोन झोत तिथे भेटतात, भिंतीने वर चढतात आणि हेडखालून वळून जळका धूर पुढे ढकलतात. पिस्टनचा माथा पुन्हा सपाट झाला. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी कल्पना वाटते. जर्मनीतल्या झोपाउ गावच्या डीकेडब्ल्यू कंपनीने ती मोटरसायकलवर आणली. त्यांच्या आरटी 125 वरून यामाहाची पहिली मोटरसायकल वायए-1 1955 मध्ये निघाली. आपल्याकडे 1985 मध्ये आलेल्या आरएक्स 100 चा ब्लॉक हेड काढून वरून पाहा: बाजूच्या वाटा एग्झॉस्टकडे पाठ करूनच उघडतात.

पुढे त्याच झोपाउमध्ये एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वॉल्टर काडेनने सायलेन्सरच्या नळीतल्या दाबाच्या लाटेने निसटतं मिश्रण परत आत ढकलायला लावलं. 1961 पर्यंत 125 सीसीतून 25 हॉर्सपॉवर मिळू लागली. मात्र त्या इंजिनांचा एग्झॉस्ट खूप वेळ उघडा राहतो, आणि हे गणित नळीच्या जोरावरच चालतं. अशी नळी नसलेल्या मॉडेलवर त्यांच्या पोर्टचे आकडे उचलले, तर इंजिन कमी वेगात धड चालू राहणार नाही.

मॉडेल इंजिनांत श्न्यूर्लेची पद्धत रुळायला 1970 चं दशक उजाडलं. कारण सरळ आहे: जुन्या पद्धतीच्या समोरासमोर दोन खाचा लेथवर सहज होतात, तिरक्या वाटांना चांगलं कास्टिंग लागतं. लहान मॉडेलांत पिस्टनला बहुधा रिंग नसते, म्हणून रिंग पोर्टमध्ये अडकायची भीती नाही आणि पोर्ट मोटरसायकलपेक्षा रुंद ठेवता येतो.

आता आकडे. 14 मिमी स्ट्रोक आणि 28 मिमी कनेक्टिंग रॉड धरू. क्रँकच्या एका फेरीत एग्झॉस्ट 140 अंश उघडा हवा, तर त्याची वरची कड पिस्टनच्या सर्वांत खालच्या जागेपासून 3.8 मिमीवर येते. 120 अंशांच्या ट्रान्सफरची 2.8 मिमीवर. जेमतेम एक मिलिमीटरचा फरक, आणि तेवढ्यातच जळका वायू आधी सुटायला हवा. एग्झॉस्टची कड आणखी अर्धा मिलिमीटर वर गेली, तर 140 चे जवळपास 150 अंश होतात. म्हणून मी दोन्ही कडा थोड्या खालीच ठेवतो, क्रँकवर अंशांची चकती लावून उघड-मीट मोजतो आणि मग बारीक कानस हातात घेतो.